सायकलवरून श्रीलंकेचा फेरा: कोल्हापुरातून निघणाऱ्या नवख्यांसाठी

रंकाळ्यावर सकाळी चहाच्या गाड्याला सायकल टेकवली की ओळखीचं कुणीतरी विचारतंच, "दिवसाला किती मारत होता तिकडं?" साठ-सत्तर किलोमीटर सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. सकाळी पन्हाळा चढून नाश्त्याला घरी येणारी पोरं आहेत इथं, त्यांना या आकड्याचं काय? खरं विचारायचं ते दुसरंच. कुठल्या महिन्यात गेला होता, आणि कुठं सायकल चालवली नाही? ही दोन उत्तरं आम्हाला आधी कुणी दिली असती तर चार दिवस आणि बराच मनस्ताप वाचला असता.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, पन्नाशीला आलोय. मावसभाऊ आणि मी, दोघांनी मिळून श्रीलंकेला सायकलनं वळसा घातला. मागं गाडी नाही, सामान वाहणारं कुणी नाही. कपडे, अवजारं, औषधं सगळं आपल्याच कॅरिअरवर. अंतर सुमारे १३५० किलोमीटर, दिवस विश्रांती धरून चोवीस. शर्यतवाल्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल. ज्यांनी गगनबावड्यापर्यंत सायकल नेली आहे आणि आता समुद्रापलीकडं बघतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. आधी कॅलेंडर, मग नकाशा

आपल्याला एकच पावसाळा माहीत. श्रीलंकेत दोन आहेत, आणि ते बेटाच्या दोन वेगळ्या बाजू धुतात. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉल, मातारा ही बाजू झोडपतो. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस बट्टिकलोआ, त्रिंकोमाली, जाफना या बाजूला येतो. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्हीकडं वीज-वादळं, आणि बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं याच सुमाराला. म्हणून "डिसेंबरात श्रीलंका मस्त असते" असं जो सांगतो तो फक्त दक्षिणेच्या किनाऱ्यावर पोहून आलेला असतो. अख्ख्या बेटाला फेरा घालणाऱ्याला दोन्ही बाजू एकाच वेळी कोरड्या हव्यात, आणि तशी फट एकच: फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची सुरुवात. ऊन कडक असतं, संध्याकाळी एखादी वळवाची सर येते, पण तेवढं आपल्याला सवयीचं आहे.

एप्रिलमध्ये एक सापळा आहे. १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष येतं. गावंच्या गावं बंद, खानावळी बंद, बसला लोंबकळायला जागा नाही. १० एप्रिलच्या आत विमानात बसा.

दर पौर्णिमेला तिकडं 'पोया' असतो, म्हणजे सरकारी सुट्टी. दारूची दुकानं बंद, मांसविक्रीही बंद. शाकाहाऱ्यांना यात अडचण काहीच नाही, उलट रस्ते जरा मोकळे मिळतात. पण बँकेचं किंवा कुठल्या कचेरीचं काम त्या दिवशी ठेवू नका.

२. वर्तुळ पूर्ण करायचा हट्ट सोडा

नकाशा बघितला की वाटतं, समुद्र धरून निघायचं आणि समुद्र धरूनच परत यायचं. तसं होत नाही. किनारा दोन ठिकाणी तुटतो, तोही अभयारण्यांमुळं. आग्नेयेला याला आणि वायव्येला विल्पत्तू. दोन्ही राष्ट्रीय उद्यानांत सायकल चालत नाही. मावसभावानं निघण्याआधी भिंतीवरच्या नकाशावर लाल पेननं अखंड गोल काढला होता. तो गोल पुसायला त्याला तिस्समहारामापर्यंत वेळ लागला.

आम्ही घड्याळाच्या उलट दिशेनं गेलो: पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, त्यामुळं या दिशेनं जाताना समुद्र रस्त्यापलीकडं राहतो. समुद्राला खेटून जायचं असेल तर घड्याळाच्या दिशेनं जा. आम्ही उलटे गेलो कारण सुरुवातीचे चार दिवस दाट वस्तीचे आहेत. काही बिघडलं तर दुकान, दवाखाना, खोली सगळं हाताशी असतं. आणि पूर्वेला पोचेपर्यंत मार्च लागतो, तिकडचा पाऊस सरलेला असतो.

टप्पे साधारण असे, अंतरं पाच-दहा किलोमीटर इकडंतिकडं धरा:

- नेगोंबो ते कळुतारा, कोलंबो ओलांडून: ८०
- कळुतारा ते गॉल: ७५
- गॉल ते तंगाल्ल, वाटेत मातारा आणि बेटाचं दक्षिण टोक दोंद्रा: ८५
- तंगाल्ल ते तिस्समहारामा: ७०
- तिस्समहारामा, कतरगामा, बुत्तल, मोनरागल: यातला मधला तुकडा गाडीतून, कारण खाली सांगितलंय
- मोनरागल ते पोट्टुविल, म्हणजे अरुगम बे: ७०
- पोट्टुविल ते बट्टिकलोआ: ११०, दोन दिवसांत
- बट्टिकलोआ ते त्रिंकोमाली: १३०, दोन दिवसांत
- त्रिंकोमाली ते मुल्लैतिवु आणि पुढं परांतन, एलिफंट पास करत जाफना: चार दिवस
- जाफना ते मन्नार, ए-३२ रस्त्यानं: ११०
- मन्नार ते अनुराधापुर: ११०
- अनुराधापुर ते पुत्तलम: ७५, तिथून नेगोंबो: ९५

मन्नारहून पुत्तलमला नकाशा तुम्हाला विल्पत्तूतून सरळ खाली आणेल. त्याचं ऐकू नका, आत मदवाच्चियाकडून अनुराधापुरला वळा. तसंच पुलमोड्डैच्या पुढं कोक्किळाय खाडीच्या तोंडाशी पलीकडचा किनारा हाकेवर दिसतो. आम्ही गेलो तेव्हा तिथं पूल नव्हता, खाडीला आतून वळसा घालावा लागला. या दिवसाचं अंतर नकाशावर मोजू नका, गावात विचारा.

द्रुतगती मार्गांवर सायकलला बंदी आहे. फलकावर रस्त्याच्या नंबरात 'ई' अक्षर दिसलं की तो रस्ता आपला नाही.

३. कागदपत्रं

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत असलेला. नवा काढायचा असेल तर ३६ पानांचं साधं शुल्क १५०० रुपये, तत्काळला त्यावर २००० जादा
- ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, ३० दिवसांची. शुल्काचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजा नियम बघा
- परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता, छापील
- प्रवास विमा, आणि त्यात सायकल चालवणं धरलंय याची लेखी खात्री
- सायकलचं बिल
- दोन-चार फोटो, पासपोर्टच्या दोन झेरॉक्स वेगवेगळ्या बॅगांत

ईटीएसाठी गुगलवर शोधलं की सरकारीसारखी दिसणारी दलालांची पानं वर येतात. अर्ज तोच, पैसे जास्त. पत्त्याच्या शेवटी श्रीलंका सरकारचं 'डॉट गव्ह डॉट एलके' आहे का ते बघूनच कार्डाचा नंबर टाका.

सायकल महागडी असेल तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून ती नेल्याचा दाखला घ्या. परत येताना "ही तिकडून आणली काय" हा प्रश्न आला तर तोच कागद कामाला येतो. हे काम सामान सोपवण्याआधी करायचं असतं. आम्ही उलट केलं आणि खोका परत मागवायला अर्धा तास गेला.

४. सायकल: जुनी चालेल, आजारी नको

नवी कोरी, कार्बनची, हलकी असल्या भानगडीत पडू नका. लोखंडी चौकटीची, मागं-पुढं कॅरिअर बसणारी आणि ३५ ते ४० मिलिमीटर रुंद टायरची सायकल घ्या. लोखंड मोडलं तर कुठल्याही गावात वेल्डिंगवाला सापडतो. माझं मागचं कॅरिअर मी स्वतःच उद्यमनगरात वेल्ड केलं होतं, त्यामुळं ते मोडणार नाही याचा मला फार अभिमान होता.

कॅरिअर नाही मोडलं. ते धरून ठेवणारा एम-५, म्हणजे पाच मिलिमीटरचा बोल्ट मोडला. वाकरैच्या पुढं, दोन्ही बाजूंना खाजण, माणूस नाही, सावलीला झाड नाही. 'टक्' असा आवाज आला आणि डावीकडची बॅग चाकावर कलंडली. ज्याचं अख्खं आयुष्य बोल्ट मोजण्यात गेलं, त्यानं खिशात बोल्ट घेतला नव्हता. शेवटी पाणी-बाटलीच्या पिंजऱ्याचा एक बोल्ट काढला, तोही एम-५च असतो, आणि वरून तीन केबल टाय आवळले. त्रिंकोमालीपर्यंत तसाच गेलो. मावसभाऊ वाटभर काही बोलला नाही, पण हसत होता.

निघण्याआधी सायकलवाल्याकडं दोन्ही चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या, तारा एकसारख्या ताणून घ्या, चेन आणि ब्रेकपॅड नवे टाका. नवी चेन जुन्या फ्रीव्हीलवर उड्या मारते का ते इथंच बघा, तिकडं नको.

सोबत घ्यायची अवजारं:

- दोन जादा ट्यूब, पंक्चरचं साहित्य, टायर उचकटायच्या पट्ट्या, हातपंप
- अॅलन की संच, चेन तोडायचं अवजार आणि दोन जोडकड्या
- तीन-चार जादा तारा, हँडलच्या दांडीला चिकटपट्टीनं बांधून
- ब्रेकची आणि गिअरची एक-एक वायर, ब्रेकपॅडची जोडी
- आपल्याच सायकलच्या मापाचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्या पट्टीवर बसतो ती
- एम-५ बोल्ट, चार. आता मी सहा नेतो
- केबल टाय, चिकटपट्टी, चेनचं तेल लहान बाटलीत

खेडोपाडी सायकलची दुकानं भरपूर आहेत, पण माल साध्या सायकलींचा. बारीक व्हॉल्व्हची ७०० मापाची ट्यूब कोलंबोबाहेर मिळेल या भरवशावर राहू नका.

तंबू घरी ठेवा. याबद्दल मावसभावाशी माझं बरंच वाजलं होतं. रानात हत्ती, उत्तरेत सुरुंगाचे पट्टे, बाकी जागा कुणाच्या ना कुणाच्या माडाच्या बागेची. आणि खोल्या जागोजागी मिळतात. तंबू, चटई, स्टोव्ह काढल्यावर माझं सामान साडेअकरा किलोवर आलं. बाराच्या वर जाऊ देऊ नका.

५. सराव: घाट नव्हे, कोकण

पन्हाळा-जोतिबा रोज चढलात तरी श्रीलंकेच्या किनाऱ्याची तयारी होत नाही. तो सगळा रस्ता जवळपास सपाट आहे. अडचण असते ती दमटपणाची. कोल्हापूरच्या उन्हात घाम वाळतो आणि अंग गार राहतं. तिथं घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो.

म्हणून रंगीत तालीम कोकणात करा. सगळं सामान लादून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून कणकवलीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी मालवण, तिसऱ्या दिवशी आचऱ्यावरून देवगड, चौथ्या-पाचव्या दिवशी घाट चढून परत. कुठली बॅग चाकाला घासते, सीट कुठं टोचते, कुठली चड्डी जांघेत कापते हे सगळं या पाच दिवसांत कळतं. आम्ही तालीम जानेवारीत केली, हवा गार होती, त्यामुळं निम्मी फुकट गेली. तुम्ही ऑक्टोबरात करा, कोकण तेव्हा भट्टी असतं.

६. खोका बांधणं

सायकलच्या दुकानात नवी सायकल ज्या खोक्यातून येते तो बहुधा फुकट मिळतो. दोन दिवस आधी सांगून ठेवा. पुढचं चाक काढायचं, हँडल आडवं फिरवायचं, सीट खाली, पायडल काढायचे, डिरेलर सोडवून चौकटीच्या आत बांधायचा. पुढचा फोर्क दबू नये म्हणून त्यात लाकडाचा तुकडा अडकवा. टायरमधली हवा थोडी कमी करा.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे विसरून जोर लावणारे मी दर महिन्याला बघतो. सोपी खूण: पान्हा उभा वर धरायचा आणि मागच्या चाकाच्या दिशेनं ओढायचा. दोन्ही बाजूंना असंच सुटतं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, खोक्यात नाही. अवजारं खोक्यात, हातातल्या बॅगेत नाही. गॅसचं नळकांडं कुठंच नाही. सायकल न्यायचा नियम प्रत्येक विमान कंपनीचा वेगळा असतो, तेव्हा तिकिटाबरोबरच सायकलची नोंद करा आणि त्यांचा मेल छापून ठेवा. आमच्या काउंटरवरच्या मुलीला हा नियम माहीत नव्हता, तो कागद दाखवल्यावरच काम झालं.

कोल्हापूर ते मुंबई खोका ट्रॅव्हल्सच्या डिकीतून गेला. बुकिंग करतानाच विचारा, आणि डिकीत खोका उभा ठेवायला सांगा. आमचा आडवा ठेवला, वर कुणाच्या तरी गुळाच्या ढेपा आल्या. नेगोंबोत खोका उघडला तेव्हा माझा हँगर वाकलेला होता. हाताच्या अंदाजानं सरळ केला, पण शेवटचे दोन गिअर गॉलमध्ये मेकॅनिक भेटेपर्यंत बसले नाहीत.

७. उतरल्यावर

विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, आणि तिथून जवळचं गाव नेगोंबो. थेट नेगोंबोला जा, दोन रात्री राहा, सायकल जोडा, गावात फिरवून बघा. ज्या घरी राहाल त्यांना खोका परतीपर्यंत ठेवाल का, असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.

विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सिम घ्या, डायलॉग किंवा मोबिटेल. घड्याळ बदलायची गरज नाही, वेळ आपलीच. प्लगची भोकं कुठं आपल्यासारखी गोल, कुठं चौकोनी तीन पिनांची, म्हणून एक अॅडॉप्टर जवळ असावा. २०२४ पासून आपलं यूपीआय तिकडं काही ठिकाणी चालतं, पण पूर्वेच्या आणि उत्तरेच्या गावांत रोख श्रीलंकन रुपयेच लागतात. एटीएम दिसलं की दोन दिवसांचे पैसे काढून ठेवायचे.

कोलंबो रविवारी पहाटे ओलांडा. इतर दिवशी गॉल रोडवरच्या खासगी बसगाड्या म्हणजे आपल्या वडापवाल्यांचे थोरले भाऊ. मागून भोंगा वाजला की समजायचं, बस थांबणार नाही, खाली आपल्यालाच उतरायचंय. हँडलला आरसा लावा, त्यात कंजुषी नको.

८. रोजचा दिवस

पावणेसहाला निघा, अकराला सायकल सावलीत लावा. उरलेलं अंतर साडेतीननंतर. दिवसाला पाच-सहा लिटर पाणी जातं. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. आणि थंबिली प्या. हे केशरी सालीचं शहाळं रस्त्याकडंला ढिगानं टांगलेलं असतं. प्यायल्यावर ते चिरून मागायचं, आतली मलई खायची.

जेवणाच्या बाबतीत कोल्हापूरकराला तिकडं माहेर आहे. तिखट खातात आणि मनापासून खातात. भात, दोन-तीन भाज्या, वरण, वर पोळ सांबोल, म्हणजे लाल तिखटातला खवलेला नारळ. सकाळी तांदळाच्या शेवयांची इंदिआप्पा, नाहीतर वाटीसारखे कुरकुरीत आप्पा. "दोन आप्पा द्या" म्हणताना मावसभावाला दर वेळी गल्लीतले आप्पा आठवायचे.

माळकऱ्यांसाठी सूचना: पोळ सांबोलात आणि पुष्कळदा भाजीतही उंबलकड असतो, म्हणजे सुक्या माशाचा चुरा. दिसत नाही, वासही फार येत नाही. "व्हेज" म्हणून सांगितलं तरी तो येतो, कारण त्यांच्या लेखी तो मसाला आहे. म्हणून नाव घेऊन सांगा, "उंबलकड एपा", नको. "मस एपा, माळु एपा" म्हणजे मांस नको, मासे नकोत. तमिळ मुलुखात 'सैव कडै' अशी पाटी शोधा, तिथं निर्धास्त बसा.

सिंहली ऐकून घाबरू नका, ती आपल्या भाषांची लांबची बहीण आहे. गाव म्हणजे गम, हात म्हणजे अत, दात म्हणजे दत, दिवस म्हणजे दवस, दूध म्हणजे किरि, आपल्या क्षीरातलं. आठला अट, दहाला दहय. पाणी वतुर, केवढ्याला ते कीयद. तंगाल्लच्या पुढं एका म्हाताऱ्या दुकानदाराला मी आमचा रस्ता सांगत होतो, आणि तो प्रत्येक वाक्याला मान हलवत "हरि, हरि" म्हणत होता. मला वाटलं भाविक माणूस दिसतोय. 'हरि' म्हणजे 'बरं', हे दोन दिवसांनी कळलं. बट्टिकलोआपासून मन्नारपर्यंत तमिळ चालते, तिथं पाणी म्हणजे तण्णी.

कुत्री पुष्कळ आहेत. अंगावर आली तर पळवू नका, उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढं जा. चावलंच तर साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. मलेरिया तिकडं राहिलेला नाही, २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तसं जाहीर केलं. डेंग्यू मात्र आहे. १९९० नंबरवर रुग्णवाहिका फुकट येते, ती सेवा भारताच्या मदतीनं उभी राहिलीय. पोलिसांचा नंबर ११९.

९. हत्ती

आजरा-चंदगडकडच्या लोकांना हा भाग वाचायची गरज नाही. बाकीच्यांनी दोनदा वाचा.

कतरगामा ते बुत्तल हा जेमतेम चाळीस किलोमीटरचा रस्ता यालाच्या कडेनं जातो. लोकांनी बसमधून ऊस-केळी देऊन देऊन तिथल्या हत्तींना रस्त्यावर उभं राहायची सवय लावली आहे. गाडी अडवतात, सोंड आत घालतात. सायकलवाल्याला काच नाही, दार नाही. हा तुकडा सायकलनं करू नका. कतरगाम्याला टेम्पो मिळतो. आम्हाला मिळाला तो टाटा एस. तिकडं त्याला 'बट्टा' म्हणतात, आपल्याकडं काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच. हत्तींपासून वाचायला आम्ही छोट्या हत्तीत बसलो.

निम्म्या वाटेवर पुढची बस थांबलेली. एक सुळेवाला तिच्या दाराशी सोंड घालून उभा, आणि कंडक्टर आतून काहीतरी देतोय. आमच्या ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवून पन्नासेक पावलं मागं गाडी उभी केली आणि आम्हाला खुणेनं विचारलं, बॅगेत फळं आहेत? होती. अर्धा डझन केळी, माझ्या पुढच्या बॅगेत, उघड्या हौद्यात. त्यानं कपाळावर हात मारला. हत्ती बाजूला झाल्यावर त्यानं गाडी जी मारली ती बुत्तलला चहाच्या टपरीशी येऊनच थांबवली. तिथं पहिलं काम म्हणजे केळी खाऊन टाकली.

सायकलनं जाण्याजोगे पण सावध राहायचे तुकडे आणखी दोन: पोट्टुविलच्या अलीकडचं लहुगल आणि अनुराधापुर-पुत्तलम रस्त्याचा मधला भाग. इथं पावणेसहाचा नियम मोडा. हत्ती पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्ता ओलांडतात, म्हणून आठनंतर शिरा आणि चारच्या आत बाहेर पडा. ताजं, वाफाळणारं शेण दिसलं की थांबा, मागून येणाऱ्या गाडीला हात करा आणि तिच्या आडोशानं जा. दाजीपूरला गवा दिसल्यावर आपण फोटो काढत उभे राहतो, ती हौस इथं नको.

तळ्यात आणि खाजणात पोहू नका, मगरी आहेत. किनाऱ्यावरही गावातली माणसं जिथं उतरतात तिथंच उतरा.

१०. उत्तरेत रस्ता सोडू नका

श्रीलंकेतलं यादवी युद्ध मे २००९मध्ये संपलं. सुरुंग काढायचं काम त्यानंतर वर्षानुवर्षं चाललं आहे. मुल्लैतिवु, किलिनोच्ची, मन्नार या भागात लाल फलकावर कवटीचं चित्र दिसेल. फलक नसला तरी लघवीलासुद्धा डांबरावरून झुडपात जाऊ नका. लष्करी ठाण्यांचे फोटो काढू नका. चौकीवर कुणी थांबवलं तर पासपोर्ट दाखवा आणि कोल्हापूर कुठं आहे ते सांगा, तेवढ्यात काम होतं.

मुल्लैतिवु-परांतन भागात मुक्कामाच्या खोल्या कमी, सावली त्याहून कमी. आदल्या रात्री फोन करून खोली ठरवा. जाफन्याला मात्र दोन दिवस द्या, पायांनाही आणि जिभेलाही.

ए-३२ वर वाऱ्याला अडवायला काही नाही. दुपारी समुद्रावरून येणारा वारा आडवा लागतो. आम्ही ११० किलोमीटर एका दिवसात मारायला गेलो आणि शेवटचे तीस किलोमीटर दोघंही एकमेकांवर चिडून चालवत होतो. हे दोन दिवसांत करा.

११. देवळात जाताना

सायकलची घट्ट चड्डी घालून बौद्ध विहारात घेत नाहीत. एक लुंगी वरच्या बॅगेत ठेवा, गुडघे आणि खांदे झाकले की झालं. टोपी आणि चप्पल बाहेर. बुद्धमूर्तीकडं पाठ करून फोटो काढणं तिथं अपमान समजतात. जाफन्याच्या नल्लूर मंदिरात पुरुषांना सदरा काढावा लागतो, आपल्याला दक्षिणेत सवय असतेच. अनुराधापुरला तिकीट काढताना पासपोर्ट पुढं करा, सार्क देशांच्या लोकांना सवलत असते. न विचारता कुणी देत नाही.

१२. परतीचा खोका आणि मीठ

परतीच्या विमानाआधी नेगोंबोत एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. ठेवलेला खोका ओलसर झालेला असू शकतो, तेव्हा चिकटपट्टीची रिळं घ्या आणि खालच्या कडा आधी मजबूत करा. टायरचा चिखल धुवून टाका.

घरी आल्यावर खोका कोपऱ्यात ठेवून सत्कार घेत बसू नका. तीन आठवड्यांची खारी हवा प्रत्येक आट्यात शिरलेली असते. त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्यानं धुवा, सीटची नळी बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावून परत बसवा. मी पंधरा दिवस चालढकल केली. लोखंडी चौकटीत अॅल्युमिनियमची नळी अशी काही धरून बसली की शेवटी सीट काढून नळी कारखान्यातल्या व्हाइसमध्ये आवळली आणि मावसभाऊ नि मी मिळून अख्खी सायकलच गोल फिरवली, तेव्हा कुठं ती सुटली.